वारलूची गुंज

इस्तारीने दवाखान्याच्या ओसरीवर चुन्याने अकरा रेघा ओढल्या आणि चिंचोके मांडायला घेतले. पलीकडे अकरा, अलीकडे दहा. अकराव्याच्या जागी ठेवायची लाल गुंज मात्र त्याच्या मुठीतच राहिली. मूठ काही केल्या उघडेना.

समोर आरामखुर्चीत दवाखान्याचे अमेरिकन डॉक्टर, हालसी साहेब बसले होते. शनिवारची दुपार, शेवटचा रोगी मघाशीच गेलेला, अंगणात मोह वाळत पडलेला. साहेबांच्या मांडीवर अमेरिकेहून आलेला पेपर होता. गठ्ठ्यातला आठवा, शेवटचा. त्याची कागदी पट्टी अजून फोडलेली नव्हती.

गुंज म्हणजे वारलू. साहेबांच्या पोराचं खरं नाव वॉरेन, पण जन्मला याच दवाखान्यात, आणि गावाच्या जिभेला वॉरेन कुठून झेपणार? दवाखान्यातच कामाला असलेल्या इस्तारीच्या खांद्यावर बसून तो तळ्यावर जायचा, पोहायलाही त्याला इस्तारीनेच शिकवलं. बारा वर्षांचा झाला तशी त्याची आई, मॅडमबाई, त्याला शिकायला तिकडे घेऊन गेली. पुढे तो कॉलेजच्या टीममध्ये फुटबॉल खेळू लागला. त्या कॉलेजच्या गावचा पेपर जहाजाने यायचा, तीन-तीन महिने उशिरा. साहेब वाचून सांगायचे, इस्तारी चिंचोके सरकवायचा. पहिल्या वर्षी तो जाम वैतागला होता.

“सारे हातात धरून पळून राह्यले. पाय त लावतच नाई. मंग फुटबॉल काऊन म्हनता जी?”

“शेवटची रेघ ओलांडली का सहा गुन,” साहेब समजावायचे. इतक्या वर्षांत त्यांची मराठी थेट गावची झाली होती. “मंग एक गुन पायानं मारून घ्याचा. तेवढ्यापुरता पाय.”

आणि आपल्या टीमला तो एक गुण काही साधायचा नाही! इस्तारीचा जीव त्या एका गुणासाठी तळमळायचा.

साहेबांचा दंडक एकच. गठ्ठा भले एकदम येवो, दर शनिवारी एकच पेपर फोडायचा. “आपुन वाचू तवा मॅच होते,” ते म्हणत.

कार्तिकात तार आली. दोन ओळी. वॉरेन खेळताना पडला, मानेला मार लागला, गेला. साहेब निघून पोचेपर्यंत माती होऊन गेली असती. ते रडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी रोगी तपासायला बसले, आणि तेच इस्तारीला बघवेना.

मग माघात हा गठ्ठा आला. जहाजाला काय ठाऊक! इस्तारीने तो दोन दिवस औषधांच्या खोक्यामागे दडवला. शनिवारी साहेबांनी स्वतःच मागितला.

सात शनिवार वारलू पळाला. तिसऱ्या शनिवारी तर एकटाच साठ वार गेला. “वा रे पठ्ठ्या!” इस्तारी ओरडला आणि लगेच त्याने जीभ चावली.

“चावू नोको,” साहेब म्हणाले. “आज तो पळूनच राह्यला.”

आज आठवा. तारेतल्या त्या दिवसाचा.

“राहू द्या जी हा,” इस्तारी म्हणाला. “तुमीच म्हनता, वाचली तवा मॅच होते. नाई वाचली त नाईच झाली.”

साहेबांनी पट्टीखाली बोट घातलं.

“सात खेपा आपुन त्याच्यासंग होतो. आता त्याले एकट्याले काऊन सोडू?”

त्यांनी पट्टी फोडली. इस्तारीने गुंज ठेवली. साहेब एकेक ओळ वाचून सांगू लागले. त्यांचे बारा झाले, आपले सहा. एक गुण पुन्हा हुकला. वेळ संपत आलेली. चेंडू वॉरेनच्या हातात. इस्तारीच्या बोटाखाली गुंज एक रेघ गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. आता एकच उरली होती.

साहेब थांबले.

“इथी,” ते म्हणाले. “इथीच पडला. फळीवर घालून नेला त्याले.”

त्यांनी चष्मा काढला. इस्तारीने बोट गुंजेवरून उचललं नाही. तोंडून फुटला तो शब्द भलताच.

“मंग... जिकलो का जी आपुन?”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांनी चमकून त्याच्याकडे पाहिलं.

“मले माईत नाई,” ते हळूच म्हणाले. “तारेत ते नोहोतं. मले कोनी सांगतलंच नाई.”

त्यांनी पेपर डोळ्यांजवळ नेला, पण अक्षरं दिसेनात. तो त्यांनी इस्तारीपुढे धरला. इस्तारीला इंग्रजी येत नव्हतं. पण तापाचे तक्ते लिहून आकडे चांगले कळत, आणि आपल्या टीमचं नाव घराच्या छपरासारख्या अक्षराने सुरू होतं एवढं तो इतक्या वर्षांच्या शनिवारांत शिकला होता.

“एकाचे तेरा. एकाचे बारा.”

“तेरा कोनाचे?”

“आपले,” इस्तारी म्हणाला. “छपराचे.”

साहेबांनी पेपर ओढून घेतला, चष्मा पुसून चढवला. वॉरेनला नेल्यावर दुसऱ्या पोराने चेंडू रेघेपार नेला होता. बारा-बारा. पुढची ओळ त्यांनी दोनदा वाचली.

“मंग पायानं मारला.”

“लागला?”

“लागला.”

“लावला म्हना एकदाचा पाय!”

साहेब हसले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, आणि त्या हसण्यातच कार्तिकापासून अडलेलं रडं बाहेर आलं. पेपर तोंडावर धरून ते रडत राहिले. इस्तारी त्यांच्याकडे बघत नव्हता. त्याने बोटाने गुंज हळूच सरकवली आणि शेवटच्या रेघेपलीकडे नेऊन ठेवली.