एक्केचाळिसावा संदर्भ

पिवळी चिठ्ठी मॉनिटरच्या कडेला अर्धी सुटलेली, पंख्याच्या वाऱ्याने फडफडणारी, आणि तिच्यावर मार्गदर्शक बाईंचं तिरकं अक्षर — "क्र. ४१. लेखक कोण? तारीख? पान स्वतः उघडलंस का?" शेवटच्या प्रश्नाखाली दोन रेघा.

नव्हतं उघडलं. तीन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी निबंधातून तिने त्या चार ओळी संदर्भासकट उचलल्या होत्या, आणि 'पाहिल्याचा दिनांक' म्हणून त्या दिवशीची तारीख ठोकून दिली होती. "उष्टा उतारा आहे हा," बाई सकाळी म्हणाल्या, चढ्या आवाजात नाही, म्हणूनच जास्त लागलं. "मूळ पान बघ, नोंद दुरुस्त कर, नाहीतर उतारा काढ. उद्या प्रबंध जायचाय." आणि उतारा काढायचा म्हणजे तिसरं प्रकरणच खाली बसणार... घरातल्या आजारी म्हाताऱ्यांचं कोण करतं, हा तिचा विषय. सगळा डोलारा त्या चार ओळींवर.

पान उघडलं. कुणीतरी फावल्या वेळात लिहिलेली ऑनलाइन रोजनिशी. लेखकाच्या जागी नुसतं 'एक सून'. ओळी होत्या — सासूला सगळ्याचा विसर पडलाय, तिला न्हाऊ घालताना पाणी आधी आपल्या हातावर घ्यावं, मग तिला पटतं... तिने तारीख टिपली, हुश्श केलं, आणि सवयीने पुढे वाचत गेली. सासू रुमालाच्या आठ घड्या घालून उशीखाली ठेवते. कशाला, विचारलं तर म्हणते, 'तिची परीक्षा आहे ना, तळहात घामेजतात तिचे.'

तिने हात टेबलावरून उचलले. काचेवर दोन ओले ठसे.

आई. — म्हणजे ही... वहिनी? सामानाची यादीसुद्धा दादाकडून लिहून घेणारी वहिनी? पुढची ओळ वाचू नये असं वाटलं, आणि वाचलीच: 'लेक शिकलेली आहे. दर रविवारी फोन करते. औषधांची नावं विचारते, लिहून घेते. आईंना फोन देऊ का म्हटलं तर म्हणते, नको, ओळखायची नाही ती मला.'

खरं होतं. शब्द न् शब्द खरा. आणि ती औषधांची नावं प्रबंधाच्या परिशिष्टात होती, तक्त्यात, नीट आखलेली. आईला जाऊन चार महिने झाले होते.

तिने फोन लावला.

"वहिनी, ती ऑनलाइन रोजनिशी... तू लिहायचीस?"

पलीकडे नळाचं पाणी वाहत होतं. ते बंद झालं. "सापडले वाटतं मी वन्संना!" वहिनी हसली. "अगं, दुपारी आईंचा डोळा लागला की लिहायचे. बोलायला कोण होतं?"

"संदर्भात लेखकाचं नाव लागतं. घालू तुझं?"

"घाल की. माझं नाव कुठे छापून आलंय आजवर?" मग आवाज जरा उतरला. "पण मग ती लेक कोण, तेही कळेल गं लोकांना. चालेल तुला?"

टोमणा नव्हता त्यात. असता तर भांडता आलं असतं...

"सांगते," म्हणून तिने फोन ठेवला.

नियम तर तिच्याच बाजूचा होता. टोपणनावाने लिहिलेलं असेल तर टोपणनावच द्यावं — संदर्भ-नियमांच्या पुस्तिकेत स्वच्छ छापलेलं. 'एक सून' लिहून मोकळं होता आलं असतं, कुणी बोट ठेवलं नसतं. शीर्षक भरलं, पत्ता भरला, पाहिल्याचा दिनांक — आजचा — भरला. लेखकाची जागा तेवढी राहिली. तिथे कर्सर लुकलुकत राहिला, आणि तिने खिडकी बदलून रोजनिशीची पहिली नोंद काढली. एकूण एकशे बारा होत्या.

आणखी कुठेकुठे आपण असू, या धास्तीने ती वाचू लागली. चादरी, गोळ्या, पडलेलं दूध, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवणं... दहा नोंदी झाल्या, तीस झाल्या, पन्नास. त्या एका नोंदीपलीकडे लेक कुठेच नव्हती. आणि मग तिच्या ध्यानात आलं की आपण घाबरायचं केव्हाच थांबलोय. आता आपण ओळीमागून ओळ स्वतःला शोधतो आहोत, एखादा वाईट शब्द का होईना, आणि तोही सापडत नाही.