फाइल दरवेळी वेगळी

त्रेचाळीस टक्क्यांवर निळी पट्टी अडकली आणि मी माऊस आपटला. "मर मेल्या!" मी त्या कॉम्प्युटरला म्हटलं. माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवते.

मी अक्षदा, आसनगावची. कल्याणला हार्डवेअरचा कोर्स केलेली शहापूर-मुरबाड पट्ट्यातली एकुलती एक मुलगी, आणि हे मी दर दुसऱ्या वाक्याला ऐकवते. धसईला रूपाच्या घरी ही माझी सहावी खेप. रूपा डोंगरातल्या वाडीवरची, बारावी झालेली. धसईत दोन खोल्या घेऊन, आई लहानीमावशीला सोबत आणून, तिने एका कॉम्प्युटरवर वर्ग काढला होता. बावीस मुली यायच्या. घरचे ज्यांना मुरबाडपर्यंत सोडत नाहीत, त्या. आज दुपारी तीनला संस्थेचे साहेब तपासणीला येणार होते. मशीन चाललं तर वर्गाला मान्यता, नाही तर वर्ग बंद आणि रूपा परत वाडीवर.

दुखणं एकच होतं. तीन-चार आठवडे मशीन झकास चालायचं, मग एके सकाळी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: सिस्टमची फाइल खराब. मी यायची, सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायची आणि ऐटीत एसटी पकडायची. महिन्याच्या आत पुन्हा फोन! व्हायरस शोधला, नव्हता. हार्ड डिस्क तपासली, धडधाकट. स्टॅबिलायझर लावला, तरी ये रे माझ्या मागल्या. मग मी रूपावरच घसरायची. "तू नीट बंदच करत नाहीस!" ती मान खाली घालून म्हणायची, "नाय गो ताई, तू शिकवलंस तसंच करते."

आज तर विंडोज टाकतानाच गाडी अडत होती. आधी एकोणीस टक्क्यांवर, मग एकसष्टवर, आता त्रेचाळीसवर. साडेअकरा वाजले होते. तोंडाने मी शिव्याच घालत होते.

"ताई," रूपा हळूच म्हणाली, "तिन्ही वेळची नावं मी वहीत लिहिलीत. फाइल दरवेळी वेगळी हाय."

मी वही ओढली. खरंच की! तीन वेळा, तीन वेगळ्या फाइली. मी ताडकन उठले. "अगं रूपा! डिस्क बिघडली असती तर तीच फाइल तिथेच अडली असती ना? सीडीची विहीर बरी, डिस्कचा माठ बरा, मधला हंडाच गळतोय! मेमरी! मेमरी गं!" मी तिचे खांदे धरून गदागदा हलवले. तीही हसायला लागली.

आता कॉम्प्युटरची पेटी उघडायला हवी होती. पाच खेपांत मी ती उघडली नव्हती, कारण स्क्रूवर दुकानदाराचं वॉरंटीचं स्टिकर होतं, ते फाडलं की वॉरंटी गेली. मी रूपाकडे पाहिलं.

"फाड," ती म्हणाली.

फाडलं. झाकण सरकवलं आणि चंदनाचा असा भपकारा आला की मी मागेच सरले. आत राखच राख! पंख्याच्या पात्यांवर काळा चिकट थर, मेमरीच्या पट्टीवर काजळी. कोपऱ्यात अगरबत्तीच्या लाल काड्यांचे तुकडे.

"हा काय प्रकार?" मी ओरडले.

तेवढ्यात लहानीमावशी ताट घेऊन आत आली. ताटात हळदकुंकू, झेंडूची फुलं आणि अगरबत्त्यांचा मूठभर जुडगा. "आज सायब यायचा, म्हणून आज जास्त लावते," ती म्हणाली. "रोज सकाळी रूपा मशीन सुरू करून पाण्याला जाते, तवा लावते मी. त्या पुढच्या भोकांत खोचायच्या. धूर कसा आत ओढतो गो! आमच्या कुठल्या देवानं असा धूर आत घेतला नाय. घेतो म्हंजी पावतो. पयली एकच लावायची. बिघडला की एक वाढवायची."

म्हणजे जितका बिघडेल तितका धूर, आणि जितका धूर तितका बिघाड! मी तोंड उघडलं, आता मावशीची खैर नव्हती.

"तूच सांगितलं नाय का बाय," ती म्हणाली. "पयल्या दिवशी. 'माझं काम झालं मावशी, आता ह्याला अगरबत्ती लावा.'"

बोलले होते मी. गंमत म्हणून, बॅग खांद्याला अडकवताना. ह्या बाईनं चार महिने ती गंमत पाळली होती आणि मी तिच्या लेकीला झापत होते. लाज वाटली मला, खूप.

पण वेळ कुठे होता! रूपाने रंगाचा ब्रश आणला, आम्ही पंखा झाडला. मेमरीची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा मी खोडरबराने घासल्या. काजळी निघाली, कडा चकाकल्या. पट्टी खटकन बसवली, सीडी टाकली. एकोणीस गेलं. त्रेचाळीस गेलं! एकसष्टला आम्ही तिघींनी श्वास धरला. तेही गेलं! शंभर झाल्यावर रूपाने अशी किंकाळी फोडली की शेजारची कोंबडी उडाली.

साहेब तीनला आले. दीड तास त्यांनी मशीन पिदडलं, ते एकदाही अडलं नाही. मग त्यांनी फाइलमधला कागद काढला. "चार महिन्यांत पाच वेळा बंद. घरात मशीन सांभाळता येत नसेल तर मान्यता कशी देऊ? कशामुळे व्हायचं हे?"

दारात लहानीमावशीचा चेहरा उतरला. हे अगरबत्त्यांमुळे झालं, हे तिला कळलं होतं. रूपा काही बोलणार, तोच मी पुढे झाले.

"माझ्यामुळे, साहेब. पहिल्याच वेळी पेटी उघडून बघायला हवी होती. मी उघडली नाही आणि जाताना भलतंच सांगून गेले. घरच्यांनी नीटच सांभाळलंय."

उभ्या जन्मात अशी वाक्यं माझ्या तोंडून निघाली नव्हती. साहेबांनी ती कागदावर उतरवली, माझं पूर्ण नाव विचारून. आणि खाली मान्यतेची सही केली.

रूपा बातमी सांगायला रस्त्यावर धावली. मावशी माझ्याजवळ आली, माझे काजळीने माखलेले हात धरले आणि पदराने पुसायला लागली.

"माझ्यापायी खोटं कशाला बोललीस गो?" ती म्हणाली.

"खोटं नाय मावशी," मी म्हटलं. "तुमी तर माझंच ऐकलंत."