शेजारचा गाळा

सयाजीनं दुकानातला लहान डाय ग्राइंडर मुठीत धरला आणि लिव्हर दाबला. हवेवर चालणारं ते यंत्र बारीक शीळ घालत फिरलं. साच्याच्या कोपऱ्यात शिरायला असंच हवं होतं. शेजारचा मोठा ग्राइंडर त्यानं उचलूनही पाहिला नाही. नुसता बाजूला सारला.

मागं त्याचे सासरे, अप्पा, उभे होते. शिरोलीतल्या त्यांच्या वर्कशॉपात सयाजी नऊ वर्षं साचे घासत होता. दर खंडेनवमीला जावयाच्या नावानं एक नवं हत्यार पूजेला मांडायचं, हा अप्पांचा रिवाज. हत्यारं नऊ झाली होती. मालक एकच होता.

"मोठा घ्या की, सयाजीराव."

"जड हाय, अप्पा. हात भरून येतो."

"जावई नाजूक हायत!" दुकानदार दत्तप्रसाद हसला. "पण पावणं, लहानाला हवा कमी लागती, ते खरं."

"दोनच्या कंप्रेसरवर चालंल?" सयाजी बोलून गेला.

वर्कशॉपातला कंप्रेसर दहा एचपीचा होता. दोनचा होता तो उद्यमनगरातल्या एका गाळ्यात, ताडपत्रीखाली. गाळा भाड्यानं घेतल्याचं बायकोशिवाय, अनुजाशिवाय, कुणाला ठाऊक नव्हतं. अप्पांना दिवाळीनंतर सांगायचं ठरलं होतं. कुठल्या दिवाळीनंतर, ते ठरलं नव्हतं.

यंत्रावर नसलेलं तेल सयाजी अंगठ्यानं पुसू लागला.

अप्पांनी सावकाश चष्मा काढला. "चालंल की. गाळामालक आल्ता माझ्याकडं. तुमचा जावई कसा हाय म्हणून इचारत हुता. म्हटलं, डोळं झाकून द्या."

सयाजीनं मान वर केली. "तुमास्नी राग न्हाय आला?"

"राग कशाला? माणसाचं सवताचं काय तरी पायजेच." अप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सयाजीचे खांदे नऊ वर्षांनी जरा खाली आले.

"शेजारचा गाळा रिकामाच हुता," अप्पा पुढं म्हणाले. "मी घिऊन टाकला. मधली भिंत पाडू. दहाचा कंप्रेसर तिकडंच आणू, दोघांत हवेची एकच लाईन. तुमचा दोनचा इकून टाका."

हात खांद्यावरच होता.

दत्तप्रसादनं दोन्ही ग्राइंडर शेजारी शेजारी ठेवले. "मग पावणं, कुठला बांधू?"

सयाजीनं हवेचा पाईप काढून हुकाला अडकवला. वेटोळं नीट बसेपर्यंत त्यानं वेळ घेतला.

"मोठा."

"बघा हं," अप्पा दत्तप्रसादला म्हणाले, "आमी जावयावर कवा जबरदस्ती करत न्हाय."