दुखान दाखवताना

कमलिनीबाई बसमधून सगळ्यांच्या आधी उतरल्या आणि टाळ्या वाजवत म्हणाल्या,

"यल्ला, या लवकर! ही पहिली तेलविहीर. आमचं दुखान हिच्या जिवावर उभं राहिलं."

वर्ल्ड कपला येणाऱ्या मराठी पाहुण्यांना दोह्याबाहेरचंही काही दाखवावं, म्हणून तिथल्या महाराष्ट्र मंडळाने सहलीची ही रंगीत तालीम ठेवली होती. माहिती सांगायला कमलिनीबाईच हव्या होत्या. दुखानच्या तेल-वसाहतीत त्यांचा अर्धा संसार झाला होता. त्यांनी आधी नकारच दिला. मग शैलजाताई लेकीकडे आल्यात आणि सहलीला येणार आहेत असं कानावर आलं, तशा त्या लगेच हो म्हणाल्या.

शैलजाताई म्हणजे त्या काळच्या बड्या साहेबांची बायको. वसाहतीत त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नसे. आता कपाळ मोकळं होतं आणि हातात काठी आली होती.

विहीर झाली, वाऱ्याने कोरलेले छत्रीसारखे खडक झाले. मग जुन्या वसाहतीतल्या एका बैठ्या घरापुढे कमलिनीबाईंनी बस थांबवली. सगळे पुन्हा खाली उतरले.

"मावशी, इथे काय बघायचं?" मंडळाच्या नुपूरने विचारलं.

"इतिहास. या घरात दर संक्रांतीला हळदीकुंकू व्हायचं. झाडून सगळ्या मराठी बायकांना बोलावणं. एका वर्षी मात्र एकीला नव्हतं. तिचा नवरा दिवाळीत गेला होता. ती राहायची या शेजारच्या घरात."

"शेजारीच? कमाल आहे! कोण ही यजमानीण?"

"शैलजाताईंना विचार. त्यांच्या चांगलं लक्षात असतं."

सगळ्या माना वळल्या. कमलिनीबाई शांत उभ्या राहिल्या. ही घटका त्यांनी वर्षानुवर्षं लोणच्यासारखी मुरवली होती.

शैलजाताईंनी काठी वाळूत रोवली.

"माझंच घर हे," त्या म्हणाल्या. "कमल, मी आले होते गं बोलवायला. तुझ्या दारापर्यंत. मग वाटलं, बाकीच्या बायका काय म्हणतील. बेल न वाजवताच मागे फिरले. तुला कधी कळलं नसेल."

"कळलं होतं," कमलिनीबाई म्हणाल्या. "मी दाराच्या आतच उभी होते. ठेवणीतली साडी नेसून."

नुपूरने मान खाली घातली. शैलजाताईंचे ओठ हलले, पण कमलिनीबाई तोवर बसकडे वळल्या होत्या.

"चला, आता समुद्र. पाणी उथळ आहे, लांबवर चालत जाता येतं."

एकेक जण चढला. शैलजाताई शेवटी आल्या. पायरी उंच होती. त्यांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात वर केला. कमलिनीबाई दारातच होत्या, अगदी हाताच्या अंतरावर.

त्यांनी आपले दोन्ही हात शालीत गुंडाळून घेतले.