खाँसाहेबांच्या नोंदीतलं एक वाक्य

माझं डोकं लवकर तापतं हे अख्ख्या अमरावतीला ठाऊक आहे. मोरोपंतांना तेवढं ठाऊक नव्हतं, ते बासष्ट साली कळलं.

मोरोपंत वऱ्हाडातल्या कलावंतांचा कोश काढत होते. अकोल्याच्या अब्दुल सत्तार खाँसाहेबांची नोंद त्यांनी मला लिहायला सांगितली, कारण अकरा वर्षं मी खाँसाहेबांकडे गाणं शिकले. मी जीव ओतून लिहिलं. पंतांनी कागद परत पाठवला आणि वर शेरा मारला, ही नोंद आहे की आरती? मी तडक त्यांच्या घरी गेले आणि तासभर भांडले. पंत शांतपणे सुपारी कातरत होते. शेवटी एवढंच म्हणाले, की कुंदाबाई, त्या माणसात काहीच उणं नाही असं वाटत असेल, तर तुम्ही त्याला ओळखतच नाही.

हे मात्र झोंबलं. उणं होतं, आणि ते माझ्याइतकं कुणी सोसलं नव्हतं.

चिजेचे दोन भाग असतात, आधी अस्ताई, मग अंतरा. खाँसाहेब अस्ताई मोकळ्या हातानं द्यायचे. अंतरा मागितला की म्हणायचे, गळा पिकू दे. त्यांच्या उस्तादानं त्यांनाही असंच रखडवलेलं. घराण्याच्या बारा जुन्या चिजा मला अर्ध्याच येत होत्या, आणि त्यांच्या बाकीच्या शिष्यांची गतही तीच. त्या रागात मी दुसरा मजकूर लिहिला, नुसती खरडपट्टी. दुसऱ्या दिवशी वाचला आणि माझी मलाच लाज वाटली. मला टायफॉइड झाला तेव्हा हाच माणूस अकोल्याहून बसनं येऊन उशाशी बसला होता. इतकी कशी गं मी कृतघ्न?

तिसरा मजकूर आठ दिवस चालला. गाण्याबद्दल जे खरं तेच ठेवलं आणि मधे उण्याचं एक वाक्य घातलं. पण तोंडावर वाचता येत नाही ते छापायचं नाही, असंही ठरवलं. खाँसाहेबांना उर्दू वाचता यायचं, मराठी नाही. म्हणून कागद घेऊन मीच अकोल्याला गेले. सत्तरीचा मानी माणूस, दुखावला आणि उद्यापासून येऊ नको म्हणाला, तर मी कुणाकडे जाणार होते?

खाँसाहेब सतरंजीवर बसले होते. आत त्यांच्या बेगम, रजियाबी, भाकरी थापत होत्या. मी वाचायला लागले. ते वाक्य आलं आणि मी भित्र्यासारखी ते गिळून पुढे गेले.

"मंधात काय गाळलं, बेटा?" खाँसाहेब म्हणाले. "तू चोरी करते तवा तुहा आवाज वर जाते."

आता काय, वाचलं. 'त्यांनी शिष्यांना अंतरे दिले नाहीत, त्यामुळे घराण्याच्या बारा चिजा त्यांच्यामागे अर्ध्याच उरण्याची भीती आहे.'

खाँसाहेबांनी कागद माझ्याकडून घेतला आणि वाचता न येणाऱ्या त्या ओळींवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "झूट नाई लिवलं. तानपुरा घे."

आणि द्यायला लागले हो! अकरा वर्षं ज्यासाठी मी जळले ते अंतरे एकामागून एक. मी रडत होते आणि म्हणतही होते. पाचव्या चिजेला मात्र खाँसाहेब थांबले. पुन्हा अस्ताई धरली, पुन्हा तिथेच अडले. तिसऱ्यांदा तानपुरा खाली ठेवायला सांगितला. कुणाला दिलाच नव्हता, तो अंतरा आता त्यांच्या स्वतःच्या आठवणीतूनही गेला होता. इतका खजील झालेला माणूस मी पाहिला नाही. माझं वाक्य इतकं खरं ठरेल असं मला वाटलं नव्हतं, आणि मला त्याचा जराही आनंद झाला नाही.

तेवढ्यात आतून अंतरा आला. आवाज साधा, कधी न तापवलेला, पण शब्द आणि वळणं जिथल्या तिथे. रजियाबी पिठाचे हात तसेच घेऊन दारात आल्या आणि अंतरा पुरा करून थांबल्या. खाँसाहेबांचा रियाज चाळीस वर्षं ऐकून त्यांना सगळंच पाठ झालं होतं.

"मले आदी कावून नाई सांगतलं?" खाँसाहेबांनी विचारलं.

"तुमीच कोनाले देत नव्हते," रजियाबी म्हणाल्या. "मंग मी कशी देऊ?"

खाँसाहेब हसले. मग उस्तादाचं नाव घेताना लावायचे तसा त्यांनी कानाला हात लावला, तोही बायकोसमोर. सतरंजीवर सरकून त्यांनी तिला शेजारी जागा केली.

"ते वाक्य राहू दे, बेटा," मला म्हणाले. "आन त्याच्याखाली लिव, अंतरे रजियाबीकडं भेटतील."