फितुराची काडेपेटी

"ही तोफ कुठनं आली, ज्योतिबा?"

ज्योतिबाने पटावरची नजर न काढता बिडीचा झुरका घेतला. "घाटानं आली. बैलं जुपली, वढत वढत आणली वर."

"थट्टा नको. एवढ्या तोफा वेढ्याला परवडत न्हाईत. मागच्या रविवारीबी तुज्याकडं एक जास्त व्हती."

"मग नियम बग की तुजाच. मी काय चोरून आणली व्हय, गड्या?"

चोरून हा शब्द आप्पासाहेबांच्या कानात रुतून बसला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि समोरच्या माणसाकडे पाहिले. उंब्रजचा ज्योतिबा, एसटीतला निवृत्त कंडक्टर. आप्पासाहेब पाटबंधारे खात्यात नकाशे काढायला होते, तेव्हा कालव्याच्या कामावर रोज त्याच्याच गाडीने जात. गर्दीत चेंगरू नये म्हणून नकाशांची गुंडाळी ज्योतिबा स्वतःच्या सीटखाली ठेवायचा. तिथूनच दोस्ती झाली. आता दर रविवारी तो साताऱ्याला यायचा आणि दोघे हा खेळ खेळायचे.

खेळ आप्पासाहेबांनीच रचला होता. बहमनी काळ, तोफा नुकत्याच दख्खनेत आलेल्या, एक डोंगरी गड आणि त्याला पडलेला वेढा. नकाशाच्या कापडावर त्यांनी डोंगराच्या उंचीच्या रेषा अशा काढल्या होत्या की कुठली वाट किती चढणीची आहे ते पाहताक्षणी कळावे. पुठ्ठ्याच्या सोंगट्यांना ज्योतिबाने तिकिटाच्या जुन्या चिमट्याने भोके पाडली होती. एक भोक म्हणजे घोडा, दोन म्हणजे पायदळ, तीन म्हणजे तोफ.

पण आप्पासाहेबांचा जीव होता तो फितुरीच्या नियमात. गडावर पाच बुरूज, पाच नाईक. वेढा घालणाऱ्याने वर्तमानपत्राचा आडोसा करायचा आणि त्यामागे आपला खजिना तोफखाना आणि फितुरी अशा घरांत वाटून खर्च करायचा. त्यातून एक नाईक फोडायचा, त्याच्या नावाची सोंगटी काडेपेटीत घालायची आणि पेटी पटाच्या कडेला ठेवायची. शेवटच्या हल्ल्यालाच ती उघडायची. त्याआधी गडकऱ्याला एकदाच संधी. ज्याचा संशय येईल त्या नाइकाचा कडेलोट करायचा, म्हणजे ती सोंगटी पटावरून खाली टाकायची. संशय चुकला तरी नाईक गेला आणि त्याची माणसेही बुरूज सोडून गेली. कडेलोट झालेला परत येत नाही.

आप्पासाहेब नेहमी गडावर असत. मागच्या रविवारी तोफेने तट पडला तेव्हा त्यांनी चिडून सगळा पट उधळून दिला होता. आज त्यांनी पूर्व बुरुजाच्या नाइकाचा कडेलोट केला, आणि लगेच ज्योतिबाने त्याच रिकाम्या बुरुजासमोर ती जास्तीची तोफ आणून उभी केली. जणू वाटच बघत होता.

सुलाबाई चहा घेऊन आल्या. "आवं, गड पडायच्या आत च्या घ्या तेवढा."

"वैनी, गड पडतोय म्हनूनच गार हुतोय च्या," ज्योतिबा हसला.

आप्पासाहेब हसले नाहीत. शुक्रवारी त्यांचा पुतण्या प्रशांत सांगून गेला होता. सांगलीत गणपती पेठेत किल्ला जिंकायचा एक खेळ आलाय, पोरं लय घेतात. आणि दिवाळीच्या सुट्टीत खेळाच्या पटाची हीच गुंडाळी नातवंडांना दाखवायला म्हणून ज्योतिबाच सांगलीला लेकीकडे घेऊन गेला होता. आठ वर्षे खपून आप्पासाहेबांनी हा खेळ रचला होता. कुणीतरी छापेल, डब्यावर आपले नाव येईल, एवढीच एक इच्छा नोकरी संपल्यावर उरली होती.

"सांगलीत कुणाला दिलास ह्यो नकाशा?"

ज्योतिबाने कप खाली ठेवला. "काय म्हनलास?"

"गणपती पेठेत इकत्यात माजा खेळ. तुज्याबिगर बाहेर कुणी नेलाय? तोफबी चोरायची, खेळबी चोरायचा!"

सुलाबाई दारातच थबकल्या. ज्योतिबाने बिडी विझवली, टोपी घातली, पिशवी उचलली. त्याचा आवाज चढला नाही.

"लोकांच्या गर्दीत जल्म गेला माजा. कुणी मला आसं बोललं न्हवतं." उंबऱ्यापाशी तो वळला. "पट तसाच ठिवा, वैनी. डाव ऱ्हायलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आप्पासाहेब सांगलीला गेले. पेठेतल्या दुकानदाराने खेळाचा डबा पुढे केला. झाकणावर बुरूज आणि भगवा झेंडा. आप्पासाहेबांनी झाकण काढले. आत सापशिडी होती. शिड्यांच्या जागी दोर आणि सापांच्या जागी साप. तेवढेच.

"दुसरा न्हाई का? बुरूज, नाईक, फितुरी..."

"फितुरी?" दुकानदार हसला. "पोरास्नी फाशे टाकायला मिळालं की झालं, काका."

तरीही मन मानेना. ते सगळी पेठ फिरले. प्रत्येक दुकानात डबे उघडायला लावले. शेवटी एका पायरीवर टेकले, तेव्हा त्यांना कळले की इतका वेळ आपण खेळ सापडू नये म्हणून नाही, सापडावा म्हणून हिंडत होतो.

घरी आले तर पट जसाच्या तसा.

"मी झाडूबी लावला न्हाई तितं," सुलाबाई म्हणाल्या. "डाव ऱ्हायलाय म्हनला व्हता त्यो."

आप्पासाहेब खुर्चीवर बसले. ज्योतिबाच्या बाजूचा आडोसा त्यांनी बाजूला केला. नाईक फोडायला ठेवलेला खजिना जागेवर नव्हता. तो तोफखान्याच्या घरात पडला होता. त्यांनी काडेपेटी उचलून कानाशी हलवली. आवाज आला नाही. उघडली. आत काही नव्हते.

ज्योतिबाने कुणालाच फोडले नव्हते. फितुरीचे पैसे त्याने तोफेत घातले होते आणि नुसता थांबला होता. आप्पा कुणालातरी कड्यावरून ढकलणार, हे त्याला ठाऊक होते. फितुराशिवाय वेढा घालता येतो, हे मात्र खेळ रचणाऱ्याच्या कधी मनातच आले नव्हते.

टेबलाखाली पूर्व बुरुजाचा नाईक पालथा पडला होता. आप्पासाहेबांनी वाकून तो उचलला आणि सदऱ्यावर पुसला.

रविवारी त्यांनी वाट पाहिली. उंब्रजची गाडी येऊन गेली, नंतरचीही. सोमवारी त्यांनी गुंडाळी काखेत मारली आणि स्वतःच उंब्रजला गेले.

ज्योतिबा अंगणात शेळीला पाला घालत होता. त्याने हात धुतले, बाज झटकली, वर घोंगडी अंथरली.

"या साहेब. बसा."

आप्पासाहेब उभेच राहिले. इतक्या वर्षांत गाडीतही त्याने त्यांना साहेब म्हटले नव्हते.

"आरं, मी सांगलीला गेलो व्हतो. सापशिडी हाय ती."

"आसंल."

"पेटीबी उघडली."

"हां." ज्योतिबाने आत हाक दिली, "च्या टाका गं, साहेब आल्यात."

आप्पासाहेबांनी खिशातून ती सोंगटी काढून तळहातावर ठेवली. "ह्यो नाईक परत बुरजावर ठिवला तर? पुना मांडू डाव. म्या पट आणलाय."

ज्योतिबाने सोंगटीकडे पाहिले. आपल्याच चिमट्याची भोके त्याने अंगठ्याने चाचपली आणि सोंगटी परत त्यांच्या हातावर ठेवली.

"नियम तुमीच केलाय, साहेब. कडेलोट झालेला परत येत न्हाई."

त्याने चहा दिला, दोनदा साखर विचारली, आणि फाट्यापर्यंत पोचवायलाही आला. रविवारचे विचारले तर म्हणाला, "गुडघं दुखत्यात. बगू." गाडी येताना दिसली तशी त्याने हात वर करून थांबवली, जुन्या सवयीने दारातली माणसे आत सरकवली, आणि बाजूला झाला.

गाडी खच्चून भरली होती. नवा कंडक्टर वाट काढत, ओरडत पुढे गेला. आप्पासाहेबांनी गुंडाळी उभी धरून छातीशी कवटाळली. पुढच्या थांब्यावर आणखी माणसे चढली. कुणाचा खांदा, कुणाचे गाठोडे तिच्यावर रेटत होते. ती चेंगरू नये म्हणून ते पाठीचा कणा ताठ करून साताऱ्यापर्यंत उभे राहिले.