चादरीवरचा रफू

पेलाजीआई आली तेव्हा क्लोविस नदीकाठी चित्र काढत होता. ऊन हलायच्या आत चित्र हातावेगळं करायचं, ही त्याची आणि त्याच्या सोबत्यांची रीत. पॅरिसचे जाणकार नाकं मुरडत, म्हणत, यांना चेहरे येत नाहीत, नुसते फराटे मारतात. क्लोविसला येत होते, पूर्वी. तीन वर्षांमागे, मे महिन्यात, सरकारी सैन्य बंड मोडायला पॅरिसात घुसलं आणि बंडवाले म्हणून दिसेल त्याला भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. त्यांत पेलाजीआईचा मुलगा, क्लोविसचा दोस्त रेमी होता. क्लोविसनं ते समोरच्या घराच्या खिडकीतून पाहिलं. रडू आलं नाही. पण तेव्हापासून चेहरा काढायला गेलं की हात आपोआप पाण्याकडे वळे.

"रेमीचं चित्र न्यायला आलेय," ती म्हणाली. "इतके दिवस धीरच झाला नाही रे. आता त्याचं नाक कसं होतं, तेच आठवेना."

"शोधून ठेवतो, आई."

"शोधतोस काय? ते काय टाचणी आहे?"

ती सरळ काठावरच्या त्याच्या खोलीत शिरली. भिंतीला पंधरा-वीस चित्रं टेकलेली. सगळ्यांत लख्ख ऊन, सगळ्यांत रविवार. तिनं चित्रं पाहिलीच नाहीत. जन्म धुणी धुण्यात गेलेला, तिला कापड कळे. रेमीच्या चित्रासाठी कॅनव्हास म्हणून ताणायला जुनी चादरही तिनंच दिली होती. एकेक चित्र उलटं करून ती पाठ चाचपू लागली. सातव्यापाशी बोटं थांबली. निळ्या दोऱ्याचा रफू, तिच्याच हातचा.

तिनं चित्र सुलटं केलं. होड्यांची शर्यत, पांढरी शिडं, काठावर छत्र्या.

"रेमी कुठाय?"

"खरवडून टाकला," क्लोविस म्हणाला. "बघवेना. त्यावर नदी काढली."

"म्हणजे तूसुद्धा," ती म्हणाली. आवाज चढला नाही. चित्र काखेत मारून ती निघून गेली.

आठवड्यानं तो तिच्याकडे गेला. ती इस्त्री करत होती. चित्र खिडकीशेजारी टांगलं होतं, तोंड भिंतीकडे करून. समोर दिसे ती नुसती चादरीची पाठ आणि निळा रफू.

"बस," कप पुढे सरकवत ती म्हणाली. "कॉफी गार होईल."

तो बसला. मनात काहीच हललं नाही, याचीच त्याला भीती वाटली. त्यानं रेमीचं नाक आठवून पाहिलं. त्यालाही आठवलं नाही.